डॉक्टरची तक्रार मेडिकल कौन्सिलकडे, वकिलाची बार कौन्सिलकडे. मग लवादाची कुठे करायची?

कोयनाकाठ (सोमवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. माझे दाजी कराडजवळून भाजीची वाहतूक करतात. चार वर्षांपूर्वी त्यांनी एका फायनान्स कंपनीचं कर्ज काढून पिकअप घेतली. मधल्या काळात सात हप्ते थकले, ते आम्ही नाकारत नाही. मागच्या महिन्यात पोस्टाने जाड लिफाफा आला. आत अकरा पानं, सगळी इंग्रजीत. मी शाळेत शिकवते म्हणून वाचायला माझ्याकडे आणून दिली.

चेन्नईतल्या एका 'सोल आर्बिट्रेटर'ने, म्हणजे कोर्टाबाहेर तंटा सोडवायला नेमलेल्या एकट्या लवादाने, निवाडा दिला आहे. दाजींनी ४ लाख १२ हजार द्यायचे, वर १८ टक्के व्याज. सुनावणी झाली, प्रतिवादी गैरहजर राहिले, असं लिहिलंय. आधी एक नोटीस आली होती, पण दाजींना ती वसुलीचीच वाटली आणि त्यांनी ती कपाटावर ठेवून दिली. चूक झाली.

पण दोन गोष्टी मला झोपू देत नाहीत. करार परत काढून बघितला, तर बारीक अक्षरात असं कलम आहे की लवाद कंपनी नेमेल. म्हणजे ज्याचं देणं आहे त्याला काही विचारायचंच नाही. आणि निवाड्यावर प्रकरणाचा क्रमांक आहे ११४३, पुढे वर्ष. एका वर्षात एवढी प्रकरणं एकाच कंपनीची असतील तर त्या लवादाने आमचं प्रकरण किती मिनिटं वाचलं असेल?

डॉक्टर चुकला तर मेडिकल कौन्सिल आहे, वकिलासाठी बार कौन्सिल आहे, सीएसाठी त्यांची संस्था आहे. लवादाची तक्रार कुठे करतात? त्यांची अशी संघटना नाही का, जी सांगेल की हे वागणं या व्यवसायात बसत नाही?

तिखटमीठ (सोमवार, रात्री ९:५८)

लहानपणी गल्लीत ज्याची बॅट त्याचाच अंपायर असायचा. तेव्हाही आम्ही भांडायचो.

वकील_शिरवळ (सोमवार, रात्री १०:३५)

ताई, बाकीची चर्चा नंतर. आधी तो लिफाफा जपून ठेवा आणि वरच्या टपाल शिक्क्याचा फोटो काढा. निवाडा रद्द करण्यासाठी लवाद कायद्याच्या कलम ३४ खाली अर्ज करायला तीन महिने मिळतात. योग्य कारण दाखवलं तर आणखी ३० दिवस, त्यापुढे एक दिवसही नाही. ही मुदत सही केलेली प्रत पक्षकाराच्या हातात पडल्यापासून मोजतात. महाराष्ट्र शासन विरुद्ध एआरके बिल्डर्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली ते स्पष्ट केलंय.

आता मुख्य मुद्दा. २०१५ च्या दुरुस्तीने लवाद कायद्यात कलम १२(५) आणि सातवी अनुसूची आली. पक्षकाराचा नोकर, सल्लागार, त्याच्याशी व्यावसायिक संबंध असलेला माणूस लवाद होऊच शकत नाही. २०१९ मध्ये पर्किन्स ईस्टमन प्रकरणात न्यायालय पुढे गेलं: ज्याला निकालात स्वारस्य आहे त्याने एकट्याने लवाद नेमायचाही नाही. तंटा उभा राहिल्यानंतर तुम्ही लेखी स्पष्ट संमती दिली असेल तरच हा आक्षेप सोडून दिला असं धरतात. तारखेला हजर न राहणं म्हणजे संमती नव्हे. दाजींनी अशा कशावर सही केलीय का?

कोयनाकाठ (सोमवार, रात्री १०:४१)

नाही. कर्ज घेतानाच्या सह्या तेवढ्या. त्या चौतीस होत्या, मी मोजल्या.

अडकित्ता (मंगळवार, सकाळी ७:१५)

वकीलसाहेबांनी उत्तर दिलंच की. कोर्ट आहे, कलम आहे, मग वेगळी संघटना कशाला? अशा संस्था मी जवळून पाहिल्यात. तीन दिवसांचं शिबिर, फी भरा, नावापुढे चार अक्षरं लावा, शेवटी पंचतारांकित हॉटेलात जेवण. सदस्यांना कामं मिळावीत म्हणून सदस्यांनीच काढलेलं मंडळ. ते सदस्याच्या विरुद्ध कशाला जाईल? लवादाने चूक केली तर निवाडा रद्द होतो, तीच त्याला शिक्षा.

थिओडोलाइट (मंगळवार, सकाळी ११:०५)

अडकित्ता, निवाडा रद्द झाला तर लवादाला शिक्षा होत नाही. त्याची फी त्याला मिळालेली असते. शिक्षा होते पक्षकारांना, त्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

मी स्थापत्य अभियंता. निवृत्तीनंतर नऊ वर्षं बांधकाम आणि पाटबंधाऱ्याच्या कामांत लवाद म्हणून बसलो. मला हे काम कुणी शिकवलं नाही. दर आकारणी, मोजमाप पुस्तिका, जादा काम हे सगळं येत होतं, पण समोर दोन माणसं बसल्यावर आपण कसं बसायचं हे येत नव्हतं. पहिल्याच प्रकरणात जागेची पाहणी होती. ठेकेदाराने सकाळी घरी गाडी पाठवली. त्यात त्याचा वाईट हेतू नव्हता, आमच्याकडे पाहुण्याला गाडी पाठवतातच. मी बसलोही असतो. बायको म्हणाली, "दुसऱ्या बाजूच्या माणसाने तुम्हाला त्या गाडीतून उतरताना पाहिलं तर?" मी एसटीने गेलो. उशीर झाला, सगळे उन्हात थांबले होते, पण त्या दिवसापासून नियम केला: दोन्ही बाजू एका गाडीत असतील तर मी त्या गाडीत, नाहीतर माझा मी.

ही गोष्ट मला बायकोने शिकवली. ती कुठल्यातरी संस्थेने शिकवायला हवी होती.

दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे. नेमणूक स्वीकारताना सहाव्या अनुसूचीतला प्रकटनाचा नमुना भरून द्यावा लागतो. पक्षकाराशी पूर्वीचा-आताचा संबंध, हातात किती प्रकरणं चालू आहेत, बारा महिन्यांत हे काम पुरं करायला वेळ आहे का, सगळं लिहायचं. कोयनाकाठ, तुमच्या अकरा पानांना हा कागद जोडलेला आहे का बघा. नसेल तर वकिलांना पहिल्यांदा तेच सांगा. मी पाहिलेले कितीतरी लवाद हा कागद 'निरंक' लिहून देत. कुणी तपासतच नाही, मग खरं कशाला लिहायचं, असा हिशेब.

आणि एक सांगतो, कडू आहे. एका सरकारी खात्याने मला ओळीने चार प्रकरणांत नेमलं होतं. चौथ्यात मी खात्याच्या विरुद्ध निवाडा दिला. कागद तसेच होते. त्यानंतर त्या खात्याकडून एकही पत्र आलं नाही. मला पैशाची गरज नव्हती म्हणून निभावलं. ज्याचं घर त्यावर चालतं त्याने काय करावं? माणसाला एकट्याला सोडून त्याच्याकडून सचोटीची अपेक्षा करू नये. त्याच्या पाठीशी कुणीतरी उभं हवं.

निशिगंध (मंगळवार, दुपारी १:२०)

काका, तुमच्या घरच्यांना माझा नमस्कार सांगा.

मी सीए आहे, म्हणून आमच्या घरचं उदाहरण देते. आमची संस्था १९४९ च्या कायद्याने झाली. वर्षानुवर्षं आमच्या शिस्तपालन समितीवर आमचेच लोक वरचढ. सत्यम कंपनीच्या हिशेबातल्या घोटाळ्यानंतर लोकांचा विश्वास उडाला आणि पुढे मोठ्या कंपन्यांच्या ऑडिटवर देखरेख करायला २०१८ मध्ये एनएफआरए हे वेगळं प्राधिकरण आलं. २०२२ च्या दुरुस्तीने तर शिस्तपालन समितीचा अध्यक्ष सीए नसलेला माणूस असावा असं ठरलं. व्यवसायातल्या बऱ्याच जणांना ते लागलं. मला वाटतं, बरोबर झालं. म्हणून अडकित्ता यांचा अर्धा मुद्दा मला पटतो: फक्त आपल्याच माणसांनी आपल्या माणसांचा न्याय करू नये. पण त्यावर उपाय म्हणून संस्थाच नको म्हणणं पटत नाही.

कोयनाकाठ, तो लवाद वकील असेल तर ज्या राज्याच्या यादीत त्याचं नाव आहे तिथल्या बार कौन्सिलकडे गैरवर्तनाची तक्रार करता येते. सीए असेल तर आमच्या संस्थेकडे. म्हणजे मूळ व्यवसायाच्या दारातून जाता येतं. निवृत्त अधिकारी असेल तर मात्र तेही दार नाही.

संपादक (मंगळवार, दुपारी २:०२)

एका प्रतिसादात कंपनीचं आणि लवादाचं नाव आलं होतं, ते काढलं आहे. प्रकरण न्यायालयात जाण्याची शक्यता आहे. कृपया नावं टाळा, चर्चा चालू ठेवा.

सागरमेघ (मंगळवार, संध्याकाळी ५:४५)

मी लंडनमध्ये जहाजांच्या भाडेकरारांचं काम करतो. इथे चार्टर्ड इन्स्टिट्यूट ऑफ आर्बिट्रेटर्स १९१५ पासून आहे, १९७९ मध्ये तिला राजसनद मिळाली. भारतातही शाखा आहे. सदस्यांसाठी आचारसंहिता आहे आणि तक्रार झाली तर शिस्तभंगाची कारवाईही होते. सदस्यत्व ऐच्छिक आहे, त्यामुळे सदस्य नसलेल्या लवादाला तिचा धाक नाही, ही मर्यादा आहेच.

पण वारंवार नेमणुकीबद्दल एक खटला सांगतो. मेक्सिकोच्या आखातात २०१० साली डीपवॉटर होरायझन तेलविहिरीचा स्फोट झाला. त्यातून विम्याचे तंटे निघाले. एकाच लवादाला एकाच घटनेतून निघालेल्या अनेक प्रकरणांत नेमलं गेलं, त्यातल्या एकात तर पहिल्या तंट्यातल्याच विमा कंपनीने, आणि दुसऱ्या बाजूला त्याने ते सांगितलं नाही. हॅलिबर्टन विरुद्ध चब हा तो खटला. २०२० मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की असं सांगणं हे लवादाचं कायदेशीर कर्तव्य आहे. मात्र त्या लवादाला काढलं नाही, कारण त्या वेळी कायदाच पुरेसा स्पष्ट नव्हता.

आता गंमत बघा. या खटल्यात लवादांच्या संस्थाही न्यायालयासमोर उभ्या राहिल्या आणि त्यांच्यात एकमत नव्हतं. चार्टर्ड इन्स्टिट्यूट वगैरे म्हणत होत्या, सांगायलाच हवं. जहाज आणि धान्य व्यापारातल्या संघटना म्हणत होत्या, आमच्याकडे जाणकार मोजकेच, तेच तेच नेमले जातात, ते सगळ्यांना माहीत असतं. मी जहाजवाल्यांच्याच बाजूला काम करतो, तरी मला पहिलं म्हणणं पटतं. इथल्या २०२५ च्या नव्या कायद्यात प्रकटनाचं कर्तव्य आता लिहूनच टाकलंय.

वकील_शिरवळ (मंगळवार, संध्याकाळी ६:३०)

सागरमेघ, आपल्या पाचव्या अनुसूचीतही ते आहे. मागच्या तीन वर्षांत त्याच पक्षाने दोन किंवा जास्त वेळा नेमलं असेल तर निःपक्षपातीपणाबद्दल रास्त शंका घेता येते. आणि तुमच्या जहाजवाल्यांचा अपवादही तिथेच स्पष्टीकरणात दिलाय. पण हे कारण सातव्या अनुसूचीत नाही. म्हणजे वारंवार नेमलेला लवाद आपोआप अपात्र ठरत नाही, आक्षेप तुम्ही घ्यायचा, तोही कळल्यापासून १५ दिवसांत, आणि पहिल्यांदा त्याच लवादासमोर. कराडच्या भाजीवाल्याने चेन्नईच्या लवादाला विचारायचं, साहेब, तुम्ही पक्षपाती आहात का?

भुईकोट (मंगळवार, रात्री ९:१०)

थोडं इतिहासात जातो, रागावू नका. मराठेशाहीत पंचायतीपुढे तंटा गेला की दोन्ही पक्ष 'राजीनामा' लिहून देत. आज आपण नोकरी सोडण्याचं पत्र म्हणतो, पण तेव्हा अर्थ सरळ होता: या पंचांचा निवाडा मानायला आम्ही राजी आहोत. जामीनही द्यावे लागत. म्हणजे पंचाचं बळ दोघांच्या राजीखुशीत होतं. मुंबई इलाख्यात लवादीसाठी १८२७ चा सातवा रेग्युलेशन झाला. पुढे १८७० च्या दशकात पुण्याला सार्वजनिक सभेच्या मंडळींनी लवाद कोर्टाची चळवळ चालवली, कारण सरकारी कोर्टात जाऊन शेतकरी नागवला जात होता. त्यात पुढाकार घेणारे सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, हे मूळचे साताऱ्याचे. गरिबाला कोर्टाच्या खर्चातून सोडवायला जी गोष्ट उभी केली, त्याच गोष्टीने आज साताऱ्याच्या माणसाला चेन्नईला ओढावं, याचं फार वाईट वाटलं.

तिखटमीठ (मंगळवार, रात्री ९:१४)

चौतीस सह्या, त्यात राजीनामा एकही नाही.

अडकित्ता (बुधवार, सकाळी ७:०५)

रात्री विचार केला. थिओडोलाइट यांचं एसटीचं पटलं. पण भारतात अशी संस्था करायला घेतली तेव्हा काय झालं ते कुणीतरी सांगा. सरकारी परिषद होणार होती ना?

वकील_शिरवळ (बुधवार, सकाळी १०:५०)

होणार होती. न्या. बी. एन. श्रीकृष्ण समितीने २०१७ मध्ये स्वायत्त मंडळ सुचवलं होतं, ज्यात या क्षेत्रातल्या सगळ्या घटकांचे प्रतिनिधी असतील. त्याने लवाद संस्थांचं मूल्यांकन करावं, लवादांना प्रमाणित करणाऱ्या व्यावसायिक संस्थांना मान्यता द्यावी. २०१९ च्या दुरुस्तीत भारतीय लवाद परिषद आली, पण तिच्यात दोन केंद्रीय सचिव पदसिद्ध आणि बाकीच्या नेमणुकाही केंद्राच्या हातात. देशातला सगळ्यात मोठा पक्षकार सरकार, लवादाच्या अनेक मोठ्या तंट्यांत एका बाजूला सरकारी उपक्रम, आणि लवादांची प्रतवारी ठरवणारं मंडळही सरकारच नेमणार. वर आठव्या अनुसूचीत लवादाची पात्रता इतकी आवळली होती की परदेशी जाणकाराला जागाच उरली नाही. ती अनुसूची २०२१ मध्ये वगळली. परिषद कायद्यात आली त्याला पाच वर्षं उलटून गेली तरी ती काम करताना काही दिसली नाही.

त्याच सरकारच्या अर्थ मंत्रालयाने जून २०२४ मध्ये आपल्या खात्यांना सांगितलं की १० कोटींच्या वरच्या तंट्यांसाठी करारात लवादाचं कलम सरसकट घालू नका. एक कारण असं दिलं की न्यायाधीशांना लागणारी निवडीची आणि वर्तनाची कसोटी लवादांना लागत नाही. ही कसोटी लावायची ज्या परिषदेने, ती बसवलीच नाही.

थिओडोलाइट (बुधवार, दुपारी १२:१५)

म्हणूनच मी म्हणतो, संस्था व्यावसायिकांची हवी, सरकारची नको. पण निशिगंध यांचं बरोबर आहे, शिस्तीच्या खंडपीठावर बाहेरचा माणूस हवा. मी तर म्हणेन, ज्याला कधीतरी निवाडा सोसावा लागलाय असा एक साधा पक्षकार हवा.

आणि जी संस्था लवाद नेमते तिनेच त्याच्यावर कारवाई करू नये. नेमणुकीतून तिला पैसा मिळतो, मग ती आपल्याच यादीतला माणूस खोटा कशाला ठरवेल?

सागरमेघ (बुधवार, दुपारी ३:३०)

गुप्ततेचाही प्रश्न आहे. लवादाचं काम बंद दाराआड चालतं, भारतात तर कलम ४२अ ने ते बंधनच आहे. मग शिस्तभंगाचे निकाल लोकांना कळणार कसे? लंडनच्या एलसीआयए या लवाद चालवणाऱ्या संस्थेने एक वाट काढली. लवादावर घेतलेल्या आक्षेपांवरचे निर्णय नावं काढून ती प्रसिद्ध करते. काय चालतं आणि काय नाही ते वाचून कळतं, आणि कुणाची गुपितं बाहेर येत नाहीत. हे पुण्या-मुंबईत का होऊ नये?

निशिगंध (बुधवार, दुपारी ४:०५)

व्हायलाच हवं. आणि सगळ्यात आधी साधी नोंदवही हवी: लवाद कोण, शिक्षण काय, कुठल्या संस्थेचा सदस्य, कधी कारवाई झाली का. २०२४ मध्ये अहमदाबादला एका माणसाला अटक झाली. तो स्वतःला लवाद म्हणवून कोर्टासारखं दालन थाटून जमिनींचे निकाल देत होता, वर्षानुवर्षं. लोकांनी विश्वास ठेवला, कारण खरा लवाद कोण हे तपासायची जागाच नव्हती.

अडकित्ता (बुधवार, संध्याकाळी ६:४०)

नोंदवहीला माझी हरकत नाही. खंडपीठावर बाहेरचा माणूस, तेही मान्य. पण फीबद्दल कुणी बोललंच नाही. मित्राच्या एका प्रकरणात लवादांनी सुरुवातीला ठरलेली फी मधेच वाढवली. वकील म्हणाला, नाही म्हणू नका, निकाल त्यांच्या हातात आहे. त्याने भरली. त्याच्या जागी मी असतो तर मीही भरली असती. ही संस्था त्यावर काय करेल?

वकील_शिरवळ (बुधवार, संध्याकाळी ७:२०)

हा मुद्दा खरा आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये ओएनजीसी विरुद्ध अफकॉन्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की लवादाने एकतर्फी फी ठरवायची नाही, ती पक्षकारांच्या संमतीनेच. पण तुमच्या मित्राला अडचण कायद्याची नव्हती, तोंड उघडायची होती. ज्याच्यासमोर उभं राहायचंय त्याच्याशीच घासाघीस कशी करणार? फी संस्थेमार्फत भरली गेली, लवादाने पक्षकाराशी पैशाचं बोलायचंच नाही असा नियम असला, की हे संपतं. मुंबईत २०१६ पासून एमसीआयए ही लवाद चालवणारी संस्था आहे, तिथे फी संस्थेच्या तक्त्याप्रमाणे ठरते. व्यवसायाच्या आचारसंहितेचं पहिलं कलम हेच असावं, असं माझं मत.

आणखी एक, ताईंच्या मूळ प्रश्नाकडे येतो. न्यायालयाने किंवा सक्षम सरकारी अधिकाऱ्याने तंटा सोपवलेला लवाद भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखाली लोकसेवक धरला जातो, म्हणजे लाच घेतली तर तो कायदा लागतो. खाजगी कंपनीने नेमलेला त्यात येत नाही. म्हणून तुमच्यासारख्या प्रकरणांतच संस्थेची गरज सर्वांत जास्त, आणि नेमकी तिथेच ती नाही.

कोयनाकाठ (शनिवार, रात्री ८:३०)

सर्वांचे आभार. काय झालं ते सांगते.

लिफाफ्यावरचा शिक्का धरला तर आम्हाला अजून ५२ दिवस आहेत. प्रकटनाचा कागद जोडलेला नव्हता. थिओडोलाइट काका, तुम्ही सांगितलं नसतं तर मला ते शोधायचं सुचलंही नसतं. साताऱ्याच्या वकीलबाईंना भेटलो. लवादाचं स्थान चेन्नई असल्याने कलम ३४ चा अर्ज तिथेच करावा लागेल असं त्या म्हणाल्या. पण वसुलीसाठी कंपनी आपल्याकडच्या कोर्टात आली, तर एकतर्फी नेमलेल्या लवादाचा निवाडा मुळातच शून्य आहे हा आक्षेप इथेही घेता येईल, काही उच्च न्यायालयांनी तो मान्य केलाय. दोन्ही तयारी करतोय. दाजी म्हणाले, "हप्ते थकलेत ते मी भरणार. पण माझं म्हणणं ऐकणारा माणूस दोघांनी मिळून ठरवलेला पाहिजे." कंपनीला तसं पत्र पाठवलंय. काल त्यांचा फोन आला, बसून बोलू म्हणाले.

तो लवाद वकील आहे, हे निवाड्याच्या शेवटच्या पानावरच्या शिक्क्यावरून कळलं. त्यामुळे निशिगंध म्हणाल्या तशी तिथल्या बार कौन्सिलकडे तक्रार लिहायला घेतलीय. इंग्रजी मसुदा झाला की इथे नावं काढून टाकते. थिओडोलाइट काका, तुम्ही एकदा वाचाल का? लवादाच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला माझं कुठलं वाक्य अन्यायाचं वाटेल ते मला लिहिण्याआधी कळायला हवंय.

थिओडोलाइट (शनिवार, रात्री ८:५२)

जरूर पाठवा. करारातलं लवादाचं पानही पाठवा, आणि ती कपाटावरची नोटीससुद्धा. तिच्यावर तारीख असेल.